तीन आत्या आणि एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा दोरा

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना एक हात कमरेवर होता, पण तो मोजू नकोस.)

सगळ्यात आधी तब्येत. दर पत्रात मी 'तू बरी असशीलच' असं लिहून पुढच्या ओळीवर उडी मारतो, पण या वेळी अगदी मनापासून विचारतो, तू बरी आहेस ना? गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला सांगत सुटलोय की आमची आत्या ठणठणीत आहे, गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा आता जुनं झालं, हातात काठी असते पण ती टेकायला कमी आणि लोकांना बाजूला सारायला जास्त. लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात. तो खांद्यावरचा हात मला अजिबात आवडत नाही.

तू फोन आपटलास तेव्हा तीन गोष्टी म्हणालीस. पहिली, फोनवर तुझ्या थापा ऐकून घेणार नाही, काय झालं ते पहिल्यापासून लिहून कळव, आणि खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं. हे शंभर टक्के खरं आहे. खोटं लिहायला बसलो की माझं अक्षर सुंदर येतं, लहानपणापासूनचा रोग आहे. (शाळेतल्या माझ्या आजारपणाच्या चिठ्ठ्या तू अजून जपून ठेवल्या आहेस. त्या बाबांच्या सहीच्या होत्या आणि बाबांना जन्मात इतका सुबक 'ज' काढता आला नाही.) तेव्हा आजचं हे गिचमिड बघून तुझी खात्री पटावी. दुसरी गोष्ट म्हणालीस ती अशी की आता तर मी तुझ्याकडे राहायला मुळीच येणार नाही. आणि तिसरी, माझं एकशे अठ्ठेचाळीस नंबरचं रीळ तुझ्याकडे राहिलंय ते पोस्टाने पाठवून दे. आत्या, पहिल्या गोष्टीचं मला हसू आलं, दुसरीची सवय आहे, पण तिसरी लागली. दोन वर्षं मी तुला इथे ये म्हणतोय आणि दोन वर्षं तू म्हणतेस की तिथे येऊन करू काय, खिडकीत बसून माणसं मोजू? ठीक आहे. पण गेल्या महिन्यात भाजीची पिशवी घेऊन तू दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर वीस मिनिटं बसून होतीस, हे तू नाही सांगितलंस, तुझ्या खालच्या शेजारणीने सांगितलं. त्या जिन्याची मला भीती वाटते. असं असताना माणूस आपलं रीळ परत मागायला लागलं की वाटतं, हे आता इथे यायचंच नाही.

असो. पहिल्यापासून सांगतो.

आमचं फोटोंचं मंडळ तुला माहीत आहे. मंडळ म्हणायचं, पण आम्ही चार टाळकी. एक मी, दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बदलत 'आता बरं दिसतं की आधीचं बरं होतं' विचारणारा. दुसरे दातांचे डॉक्टर, जे फक्त किड्यांचे फोटो काढतात (दिवसभर तोंडाचं काम, म्हणून सुट्टीतही त्यांना किड्याचा जबडाच आधी दिसतो). तिसऱ्या भूगोलाच्या बाई, शाळेतून निवृत्त झाल्यापासून ढगांच्या मागे आहेत. आणि चौथा लिफ्टवाला, लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे शहरातल्या सगळ्या उंच गच्च्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे, त्यामुळे पक्ष्यांचे फोटो त्याचे. आता वाचनालयाने त्यांचा वरचा हॉल आठ दिवसांसाठी आम्हाला दिला आहे, प्रदर्शनाला. बारा वर्षं आम्ही एकमेकांना फोटो दाखवून एकमेकांना शाबासकी देतोय, आता पहिल्यांदा तिऱ्हाईत माणसं बघणार. आणि तिथेच घोडं अडलं, कारण आजवर आम्ही जिथून मोठे फोटो छापून घेत होतो तिथला माणूस फार चांगला आहे. इतका चांगला की तो प्रत्येक फोटो न सांगता सुधारून देतो. त्याच्या हातून बाईंचे करडे ढग निळे होऊन येतात आणि माणूस कुठलाही असो, संत्र्यासारखा होऊन येतो. डॉक्टरांचा एक काळा भुंगा त्याने इतका उजळवला की डॉक्टरांनी तो परत केला, हा माझा नाही म्हणून.

तेव्हा ठरलं की स्वतःचं मशीन घ्यायचं. मोठे फोटो छापणारं, भिंतीएवढ्या कागदाचं. (किंमत विचारू नकोस. चौघांनी मिळून घेतलंय, आणि चौघांच्याही घरी वेगवेगळा आकडा सांगितला आहे.) मशीन निवडणं म्हणजे काय प्रकार असतो ते मला आधी ठाऊक असतं तर मी चित्रकला शिकलो असतो. पहिला महिना रुंदीवर गेला. सतरा इंची कागद घेणारं, चोवीस इंची घेणारं की चव्वेचाळीस इंची? डॉक्टर चव्वेचाळीसवर अडून बसले. त्यांच्या बायकोला कुठून तरी कळलं की याचा अर्थ दिवाणखान्यात चव्वेचाळीस इंची झुरळ, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर आपण होऊन चोवीसवर उतरले. मग शायांवर गाडी आली. घरातल्या साध्या प्रिंटरला चार शाया असतात, याला दहा-बारा, त्यात काळ्याच दोन, एक चकचकीत कागदाची आणि एक खरखरीत कागदाची, शिवाय करड्या दोन. बाई म्हणाल्या की ढगांना दोन करडे कसे पुरतील. लिफ्टवाला म्हणाला की जे मशीन एका काळ्यावरून दुसऱ्या काळ्यावर जाताना शाई ओकतं ते नको. मी सगळ्यांचं ऐकून वहीत लिहून घेत होतो, कारण मला काही कळत नव्हतं आणि लिहून घेणारा माणूस समजूतदार दिसतो.

शेवटी एका मंगळवारी आम्ही चौघं शोरूममध्ये जाऊन धडकलो. लांबलचक खोली, पांढऱ्या ट्यूबलाइटी, आणि ओळीने तीन मशीन्स, प्रत्येक एखाद्या पियानोएवढं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता मोठा गोड होता. त्याने तिन्हीवर त्याचा नमुना छापून दाखवला, एक पोपट आणि फळांची टोपली. तिन्ही पोपट असे काही झळकले की आम्ही तोंडात बोटं घातली. मग बाई हळूच म्हणाल्या, पण हा पोपट मूळचा कसा होता? खरंच की! पोपट आमचा कोण लागतो? तो जास्त हिरवा आलाय की कमी हे सांगणार कोण? मग आम्ही बरोबर आणलेले आपापले फोटो पुढे केले. डॉक्टरांचा भुंगा छापला, तो तिन्हीवर काळा. बाईंचा ढग छापला, तो तिन्हीवर ढगच. बाईंना विचारलं की यातला खरा कुठला, तर म्हणाल्या तो ढग आता कुठे राहिलाय. लिफ्टवाल्याचा पक्षी छापला, तर पंखांच्या रंगावरून त्याचं डॉक्टरांशी वाजलं, आणि पक्षी तर काही साक्षीला येणार नव्हता. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा जरा उतरला.

आणि इथे, आत्या, तू आलीस.

माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये तुझा एक फोटो होता. रागावू नकोस, पुढे वाच. तीन वर्षांपूर्वी तू इथे आली होतीस तेव्हाचा, जेवणाच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात. अंगात तुझा तो स्वेटर, त्याच्या मनगटावरचं बटण तू अंगातल्या अंगात शिवलं होतंस (काढून शिवायला काय होतं, हे तेव्हाही विचारलं होतं), आणि मनगट तोंडाशी नेऊन, एक डोळा मिटून, दाताने दोरा तोडत होतीस. कॅमेरा दिसला असता तर तू दगड फेकून मारावा तसं रीळ फेकून मारलं असतंस, म्हणून मी दाराआडून काढला. माझ्या आयुष्यात मी चाळीस हजार फोटो काढले असतील, त्यातला हा एक बरा आहे. आणि त्यात काय नाही? पांढरे केस आहेत, काळं टेबल आहे, तुझी हातभर सुरकुत्यांची कातडी आहे, चष्म्यावर उन्हाची तिरीप आहे, लोकरीचा धागा न् धागा आहे. आणि मुख्य म्हणजे त्यातलं माणूस माझ्या ओळखीचं आहे. मी म्हटलं, हा छापा. तिन्हीवर. चोवीस इंची.

तू निघालीस बाहेर, कपाळापासून, हळूहळू, एकाच वेळी तीन ठिकाणी. खरं सांगतो, मला एकदम सरळ उभं राहावंसं वाटलं. डॉक्टर तुझ्याजवळ गेले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले की यांच्या वरच्या पुढच्या दाताला दोऱ्याने खाच पडली आहे, एकदा दाखवून घ्यायला सांगा. डाव्या मशीनवर तू गुलाबी आली होतीस, कुणीतरी तुझी स्तुती केल्यासारखी. मधल्यावर जरा हिरवट, म्हणजे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी होतीस तशी. उजव्यावर तू अशी आली होतीस की आता डोळा उघडून 'दाराआड काय करतोस रे' म्हणशील. पण डोळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, धंद्यामुळे. दिवसाला तीस माणसं माझ्यासमोर बसून छातीठोकपणे चुकीचं अक्षर वाचतात. आणि डोळ्यांआधी मला तुझं वाक्य आठवलं. पस्तीस वर्षं तू दोऱ्या-बटणांच्या दुकानात उभी राहिलीस, आणि गिऱ्हाईकाने कापडाचा तुकडा पुढे केला की पहिलं वाक्य एकच: दिव्याखाली रंग बघू नये, उजेडात चला. मग तू कापड आणि चार रिळं घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचीस, दोरा कापडावर ठेवायचीस, आणि दिसेनासा झाला की म्हणायचीस, हा. शाळा सुटली की मी त्या पायरीवर बसलेला असायचो. मी चष्मेवाला झालो त्याला ती पायरी कारणीभूत आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

तर मी जाहीर केलं की उजेडात चला. आणि माझ्याकडे रीळसुद्धा होतं! (चुकून नाही. तुझं एकशे अठ्ठेचाळीस मी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवतो, का ते विचारू नकोस, बटणं तुटतात.) त्या स्वेटरच्या रंगाला लोक मरून म्हणतात आणि तू त्यांच्याकडे कीव करून बघतेस, कारण तो मरून नाही, जांभळ्याकडे झुकलेला तपकिरी आहे आणि त्याचा नंबर एकशे अठ्ठेचाळीस आहे. म्हणजे मशीन खरं की खोटं ते सांगायला आमच्याकडे पुराव्याचा दोराच होता. विक्रेता नको नको म्हणत मागे धावला, पण तोवर आम्ही तिन्ही आत्या बाहेर काढल्या आणि फुटपाथवर, शोरूमच्या भिंतीला, ओळीने टेकवून उभ्या केल्या. बरोबर दुपारचं स्वच्छ ऊन. वारा होता म्हणून बाई, डॉक्टर आणि लिफ्टवाला प्रत्येकी एका आत्याचे कोपरे धरून उभे राहिले, माना खाली, तोंडं गंभीर. मी गुडघ्यावर बसलो.

आता मी चष्मा कपाळावर सरकवला, ही चूक. जवळचं बघायला मला चष्मा काढावा लागतो आणि मग लांबचा माणूस मला खांबासारखा दिसतो. डावीकडच्या आत्यावर दोरा ठेवला, तो लख्ख दिसला, फोटो त्याच्यापुढे डाळिंबासारखा लाल. मधलीवर ठेवला, तिथेही दिसला, फोटो चिखलाकडे गेलेला. एवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. टोपी काढली एवढं कळलं. हळू आवाजात विचारलं, वय काय होतं? मी मान वर न करता सांगितलं, अठ्ठ्याहत्तर. (आत्या, मी दोऱ्याकडे बघत होतो! त्या वेळी मला कुणी माझं वय विचारलं असतं तरी मी अठ्ठ्याहत्तरच सांगितलं असतं.) मग मी उजवीकडच्या आत्यावर दोरा ठेवला आणि तो नाहीसा झाला. मला वाटलं पडला. फुटपाथवर शोधला, फोटोच्या खाली शोधला, डॉक्टरांच्या बुटापाशी शोधला. शेवटी बाई वाकल्या, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, अहो, हा काय, बाहीवरच आहे. खरोखर तिथेच होता. बोट फिरवलं तर लागत होता, बघितलं तर दिसत नव्हता. मी तिथे फुटपाथवर बसून 'हा' म्हटलं, अगदी तुझ्या आवाजात, आणि कशाने कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. रुमाल काढला. त्या टोपीवाल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला.

तो मोठ्या काकांचा जावई होता. मला खांब वाटला होता. त्याचंही काय चुकलं, सांग. भर रस्त्यात तुझे तीन मोठाले फोटो, चार माणसं माना खाली घालून उभी, भाचा गुडघ्यावर बसून डोळे पुसतोय, वय 'होतं' विचारलं तर मुकाट्याने उत्तर देतोय. त्याने तुला उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलंय, पण भला माणूस आहे, घरी जाऊन त्याने आधी सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि मग तुझ्या घरी फोन लावला. उचलणारी बाई शेजारीण असणार असं समजून त्याने विचारलं की हे कसं झालं, तू विचारलंस काय कसं झालं, आणि मग तुझ्या जाण्याबद्दल त्याने तुलाच धीर दिला. तू त्याला काय उत्तर दिलंस ते त्याने कुणालाही सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून तो मला बघितलं की रस्ता ओलांडतो. (रस्त्यातल्या आणखी एका गृहस्थांनी तुझा फोटो बघून विचारलं होतं की या कुठल्या प्रभागातून उभ्या आहेत. त्यांना मात्र मी नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले उभ्या राहिल्या तर कळवा.)

तर उजवीकडचं मशीन घेतलं. चार जणांत एकमत व्हायला चार महिने लागत होते ते तुझ्या वीतभर दोऱ्याने चार मिनिटांत झालं. पुढचा प्रश्न, ठेवायचं कुठे. डॉक्टरांच्या दवाखान्यात नको, तिथे लोक आधीच घाबरलेले असतात. बाईंकडे चार मांजरी, ओल्या फोटोवर केस. लिफ्टवाल्याचं घर पाचव्या मजल्यावर आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. राहिलो मी. लिफ्टवाल्याने आमच्या दाराचं माप घेतलं, तो मापाचा पक्का, दारातून मशीन दोन बोटं सोडून जात होतं. दारात ते अगदी सुरेख आलं. पुढे पॅसेजमध्ये काटकोनात वळायचं आहे, हे तो विसरला, कारण लिफ्टला वळावं लागत नाही. अर्धा दिवस मशीन पॅसेजमध्ये आडवं, आमची ही स्वयंपाकघराच्या बाजूला अडकलेली आणि आम्ही चौघं दिवाणखान्याच्या बाजूला, चहा मशीनवरून पलीकडून अलीकडे येत होता. शेवटी आतल्या खोलीची चौकट काढली आणि मशीन आत गेलं.

आता सगळं झकास चाललंय. रविवारी चौघं जमतो, कागदाचं रीळ चढवतो, मशीन दोन-तीनदा खाकरतं आणि कामाला लागतं. काल बाईंचा एक ढग छापला, तो इतका खरा आला की हिने खिडकी लावून घेतली. मी सुखी आहे, आत्या, उगाच नाही म्हणत. एकच भानगड आहे. मशीन खरं बोलायला लागल्यापासून खरं काय यावर आमची भांडणं सुरू झाली आहेत. फोटो बाहेर आला की चार जण खिडकीत जातात आणि चार मतं घेऊन परत येतात. गेल्या रविवारी एका पाखराच्या पोटावरून लिफ्टवाला न जेवता गेला. प्रत्येक वेळी मला वाटतं की तू इथे असतीस तर एक दोरा टाकून विषय मिटवला असतास, आणि वर आम्हाला चौघांना वेड्यात काढलं असतंस ते वेगळं.

तर झालं ते सगळं हे असं. यात तुझा अपमान करायचा माझ्या मनातसुद्धा नव्हतं. तू गेलीस असं पाच-सहा लोकांना काही दिवस वाटलं, पण त्या पाच-सहांनी तुझ्याबद्दल जे चांगलं बोलून घेतलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, आलीस की वाचून दाखवीन. जिना उतरताना कठड्याला धर.

तुझा,
दाराआडून फोटो काढणारा भाचा

ता. क. प्रदर्शनात दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर काय लावायचं यावर मंडळात मतदान झालं. भुंग्याला एक मत, ते डॉक्टरांचंही नव्हतं, चुकून पडलं. बाकीची तुला. परवानगी मागायला हवी होती, ती आता मागतो. शोरूमवाल्यानेही पोपट काढून तुला लावलंय, त्याला मी नको म्हटलं होतं, पण हळू आवाजात.

आणखी ता. क. वर 'आतली खोली' असं लिहिलंय ती म्हणजे तुझी खोली. मशीन तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी आहे, पलंग, दिवा, खुर्ची सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त खोलीला सध्या दार नाही. लिफ्टवाला चौकट परत बसवून देतो म्हणतो, पण एकदा बसवली की मशीन जन्मात बाहेर निघायचं नाही, म्हणून आम्ही जरा थांबलोय. तू म्हणशील तसं.

शेवटचा ता. क. एक गोष्ट राहिली. या मशीनला दररोज एक तरी फोटो छापावा लागतो, नाहीतर शाई सुकून बारीक भोकं तुंबतात आणि मशीन कायमचं बाद होतं. आम्ही तिघं कामावर, ही कचेरीत, बाई सकाळपासून ढगांच्या मागे. तेव्हा रोज दहा वाजता एक बटण दाबून, छापलेला कागद खिडकीपाशी नेऊन रंग बरोबर आहे की नाही हे बघणारं जबाबदार माणूस अत्यंत तातडीने हवं आहे. पगार नाही. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर कळव.

*

आत्याबाई, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. शेवटच्या ता. क.चं अक्षर बघितलंत ना? मोत्यासारखं आलंय. मशीनच्या पुस्तकात पान एकसष्टवर लिहिलंय की बटण चालू राहू दिलं तर ते आपलं आपण साफ होतं. ते पान यांनी साठाव्या पानाला डिंकाने चिकटवलंय आणि परवापासून मला पुस्तकाला हात लावू देत नाहीत. तेव्हा मशीनचं तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही. आमचं अडलंय. बाकीचं पत्र मी सगळं वाचलं, अक्षर भयंकर आहे. पत्र दोन दिवस पाकिटावाचून पडलं होतं, तेवढ्यात चौकट मी कालच परत बसवून घेतली, दारही बसलं, आतून कडी लागते. आणि रीळ पोस्टाने पाठवणार नाही. ते तुमच्या उशाशी ठेवलंय, न्यायचं असेल तर या.